वाटणीला आलेली वेल

आषाढ उतरणीला लागला की माझ्या खिडकीतल्या बाटल्यांचं पाणी लवकर खराब होऊ लागतं. एरवी आठवड्यातून एकदा बदललं तरी भागतं. या दिवसांत मात्र दोन दिवस दुर्लक्ष झालं की तळाला बुळबुळीत थर धरतो आणि मुळं काळी पडतात. शाळेतून आल्यावर, ओली साडी बदलून, चहा टाकायच्या आधी मी ते काम उरकून घेते. उरकते हाच शब्द खरा. झाडांची हौस असणाऱ्या बायका वेगळ्या असतात. त्या झाडांशी बोलतात म्हणे. माझ्यात त्या वेळी बोलण्याइतकं काही उरलेलं नसतं. मी बाटल्या धुते त्या भांडी धुतल्यासारख्या. पण धुता धुता एखादं पान मनगटाला लागतं. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, मधे चुन्याचा कुंचला घाईनं ओढावा तसे फराटे. मग नळ तसाच चालू राहतो आणि मला आईंचा तो पावसाळा आठवतो.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही दोघी जावा त्यांना आईच म्हणायचो.

आमचं घर महाडात, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्याला घर घ्यायचं आमच्या गावात कुणी मनात आणत नाही; सावित्रीचा पूर काही विचारून येत नाही. मूळ घर रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावी. तिथं माझी धाकटी जाऊ सुरेखा राहते आणि शेती बघते. दीर मुंबईला गाडी चालवतात, गणपतीला येतात. हे इथल्या कारखान्यात पाळीवर, मी पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका. वाटणी अशी कागदावर कधी झाली नाही, पण झालीच होती. शेत सुरेखाकडे, नोकऱ्या आमच्याकडे. आई उन्हाळ्यात आमच्याकडे, कारण इथं पंखा. पावसाळ्यात नात्याला, कारण लावणीच्या वेळी आई बांधावर नसतील ही कल्पनाच कुणाला सुचत नव्हती.

त्या वर्षी मात्र लावणीच्या तोंडावर आई मागीलदारी शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. महाडात ऑपरेशन झालं. पुढं न्यायचं कुठं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. नात्याच्या घराला उंच पायऱ्या, संडास बाहेर, आणि सुरेखा दिवसभर चिखलात. चौघांनी खुर्चीत बसवून आईंना आमचा जिना चढवला. हॉलमधल्या खिडकीशी पलंग लावला आणि आई तिथं आडव्या झाल्या, तोंड भिंतीकडे करून.

त्या महिन्यांची आठवण मला आधी वासानं येते. न वाळलेल्या सुती कपड्यांचा आंबूस वास, डेटॉलचा वास, आणि त्या दोन्हींवर पसरलेला पेजेचा ऊन ऊन वास. पहाटे उठून आईंचं भांडं काढायचं, अंग पुसायचं, कूस बदलून पाठीला पावडर लावायची, डबे भरायचे आणि पोलादपूरची एसटी गाठायची. हे घरी असले तर दुपारचं ते बघत, नाहीतर शेजारच्या काकू डोकावून जात. एसटीत बसले की माझी मान काचेवर पडायची. पोलादपूर आलं की कंडक्टर हाक मारायचे, "बाई, उठा, शाळा आली." कधी कधी वाटायचं, त्यांनी हाक मारू नये. गाडी तशीच आंबेनळी घाटानं वर धुक्यात जावी आणि मला कुणी उठवू नये.

फिजिओथेरपीवाली मुलगी दोनदा येऊन व्यायाम दाखवून गेली होती. वॉकर कोपऱ्यात उभा होता. आईंनी त्याला हात लावला नाही. शेवटी मी त्याच्यावर ओली लुगडी वाळत घालू लागले. निदान तेवढा तरी त्याचा उपयोग.

त्या खिडकीत एक बाटली होती. शाळेच्या स्टाफरूममधून आणलेली मनीप्लांटची फांदी कधीतरी तिच्यात खोचून ठेवली होती आणि विसरले होते. साधी हिरवी वेल, एक ठिपका नसलेली. ती आपली आपण वाढत गजांवर चढली होती. आईंनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं तेव्हा त्यांना दिसायला ती वेल आणि तिच्यामागचा पाऊस, एवढंच होतं.

"वंदना," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. किती दिवसांनी आपणहून बोलल्या होत्या. "तुज्या येलीला कायतरी रोग लागलाय बघ."

मी पाहिलं. टोकाचं नवं पान अर्धं पांढरं होतं. मधल्या शिरेच्या एका बाजूला नेहमीचं हिरवं आणि दुसऱ्या बाजूला दुधासारखं पांढरं. देठावरूनही एक बारीक पांढरी रेघ खाली उतरली होती.

"तोडून टाक गो. नायतर सगळीकडं पसरल."

तोडायचं तर पलंगाला वळसा घालून, टाचा उंचावून हात वर न्यावा लागला असता. मी "उद्या तोडते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. ते पान वाचलं ते काही माझ्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. थकलेल्या माणसाच्या हातून जगात पुष्कळ गोष्टी अशा वाचत असतील.

पुढचं पान आणखी पांढरं निघालं. हिरव्याचे नुसते शिंतोडे. त्याच्या पुढचं तर संपूर्ण पांढरं, इतकं की पावसाळी उजेडात ते खिडकीत दिव्यासारखं दिसायचं. आईंनी तोडायचं नाव सोडलं. नवं पान आधी गुंडाळलेल्या सुरळीसारखं बाहेर येतं आणि हळूहळू उलगडतं. दिवसभर त्या तेच बघत. मी घरात पाऊल टाकलं की बातमी मिळे. "सुरळी निघालीय." "आज आर्धी सुटली." "सुटली गो, समदी पांढरी."

"छान दिसतंय ना, आई?"

"दिसतंय बेस. पन जगायचं नाय."

"का?"

"आवणात निघतं एकादं आसं," त्या म्हणाल्या. आवण म्हणजे लावणीसाठी तयार केलेली भाताची रोपं. "सगळी हिरवी नि मधीच येक पांढरं सफेत. चार दिस डौलात ऱ्हातं, मंग बसतं. हिरवं आसलं तर आपलं आपन खातं. पांढऱ्याला कोन भरवनार?"

मी पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

"संपवा ना."

"पडून ऱ्हाणाऱ्याला किती लागतं?"

मी वाटी उचलली. बाहेर पाऊस एका सुरात कोसळत होता. खाली कुणीतरी कुणाला ओरडून विचारत होतं, पाणी कुठवर आलंय. पाणी कुठवर आलंय हे आमच्याकडे पावसाळाभर विचारतात, जसं दुसरीकडे लोक जेवलात का विचारतात.

पोलादपुरात, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्याच्या अलीकडे जमीलाभाभींची छोटी नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली कुंड्या, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत त्या. शाळा सुटल्यावर मी एसटीची वाट बघत तिथंच आडोशाला उभी राहायची. एकदा मोबाइलमधला वेलीचा फोटो दाखवला.

"अगो बाय, ही तर व्हेरिगेटेड निघाली, दुरंगी पानांची!" त्या खुर्चीतून उठल्याच. "कुठून आणली?"

"आणली नाही. साधीच होती. आपोआप अशी पानं यायला लागली."

"नशीब लागतं हां बाई. घाटावर जाणारे लोक गाड्या थांबवून मागतात असलं." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि चेहरा बदलला. "पण आता सगळी पांढरीच निघतायत ना? मग वरचं कापा. खाली जिथं देठावर हिरवी नि पांढरी दोन्ही रेघ आहे, तिथल्या पेराच्या वर कापायचं. पेराला डोळा असतो, त्यातून नवी फूट येईल, पट्ट्यापट्ट्याची. नाही कापलं तर ही फांदी उपाशी मरेल."

"आणि कापलेली पांढरी पानं?"

"ती जातील, बाई. ती ठेवून भागत नाही."

मी घरी आले, कात्री शोधून खिडकीत ठेवली आणि कापलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईंचा सगळा दिवस त्या पानांवर उभा होता. ती कापायची म्हणजे त्यांच्या खिडकीत बघायला काय ठेवायचं? आणि खरं सांगायचं तर, कापायचं कुठं, पेर कुठलं, डोळा कुठला, हे ठरवायलासुद्धा जी शक्ती लागते ती माझ्याकडे नव्हती. दिवसभर मी ठरवतच असायची. उशी कुठं, गोळी कुठली, डॉक्टरांना फोन आज की उद्या. आणखी एक निर्णय नको वाटायचा. पानांच्या कडा दमटपणानं तपकिरी होऊ लागल्या. मी बघत राहिले.

सुरेखा तोवर एकदाही आली नव्हती. हॉस्पिटलात भेटली होती तेवढीच. फोन करायची, पण त्यात पावसाचा आवाज जास्त आणि ती कमी. माझ्या मनात तिच्यासाठी बोलणी साठत चालली होती. एसटीत बसून मी ती घोटायची. आई फक्त माझ्याच का? निदान एक रविवार? मला वाक्यं तोंडपाठ झाली होती.

मग लावणी आटोपल्यावर एका दुपारी ती आली. शाळेला सुट्टी होती. हातात पिशवी, तिच्यात कुर्डूची भाजी आणि घरचे तांदूळ. दारात चपला काढल्या आणि मी तिचे पाय पाहिले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी भिजून पांढरी, मधे लाल भेगा, वर हळदतेलाचा पिवळा थर. माणसं मिळाली नव्हती. भाऊजींना सुट्टी मिळाली नव्हती. सगळी शेतं तिनं एका मजूरबाईला सोबत घेऊन लावली होती. हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा "झाली लावणी, ताई," एवढंच म्हणाली. माझी पाठ केलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी पाणी तापत ठेवलं आणि तिच्यापुढं घमेलं सरकवलं. तिनं पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले.

आई पलंगावरून बघत होत्या. "खालचं शेत लावलास काय गो?"

"लावलं, आई."

"पानी ऱ्हातंय?"

"ऱ्हातंय. बांद फुटला हुता, घातला."

आईंनी मान हलवली. खूप दिवसांनी त्यांना हवी ती बातमी मिळाली होती. मग सुरेखाचं लक्ष खिडकीकडे गेलं. "ह्ये काय? आसलं पान?"

मी तिला सगळं सांगितलं. पट्टा, पेर, डोळा, कापायचं ते.

"मंग कापा की."

"कापते. बघू."

"बघू काय? कडा करपायला लागल्यात," ती म्हणाली. "मी कापू?"

मी आईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. पावसाचा जोर जरा कमी झाला होता, आणि त्या शांततेत त्यांचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"काप. नि दोगींत वाटून घ्या. माजी केलीत ना वाटणी, तशीच करा."

 घमेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्ही दोघींनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते नुसतं सांगितलेलं होतं, खालच्या शेतात पाणी राहतंय असं सांगावं तसं.

सुरेखाच हलली. पाय पुसले, लंगडत पलंगापाशी गेली आणि आईंच्या पायथ्याशी बसली. "आई," ती म्हणाली, "वाटणी नाय केली. मला एकटीला झेपत नव्हतं. ताईंना पन एकटीला नाय झेपत."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाल्या. "मला तरी माजी मी कुटं झेपते?"

आणि त्या हसल्या. दात नसलेलं, जेमतेम हसू. मग सुरेखा हसली, आणि मी ओट्याला पाठ टेकून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबेना.

वेल आम्ही आईंच्या मांडीवर ठेवून कापली. मी पेर दाखवत होते, सुरेखा कात्री चालवत होती, आणि आई प्रत्येक तुकडा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेत होत्या. कात्री लागली की देठातून पाण्याचा थेंब निघायचा. पांढरी पानं आईंनी उशीशी ठेवली. दोन दिवसांत ती कागदासारखी झाली आणि त्यांनीच मला टाकायला सांगितली. दोन्ही रेघा असलेले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत गेले. काही माझे, काही सुरेखाचे. तिचे तुकडे मुळं फुटेपर्यंत माझ्याकडेच राहायचे होते.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. पाण्यात तुकडा ठेवला की पहिले कित्येक दिवस काहीच होत नाही. मग पेराशी असलेला तपकिरी खुंट फुगतो आणि त्यातून पांढरं, दोऱ्यासारखं मूळ निघतं. काही तुकडे कुजले. उचलले की हातात मऊ लगदा यायचा. फूट यायला तर त्याहून किती उशीर. डोळ्यातून काय निघणार हे आधी कळत नाही. हिरवं, पांढरं की दोन्ही, ते सुरळी सुटल्यावरच समजतं. सुरेखा आता आठवड्याला एक चक्कर मारायची. ती आली की मी झोपायची. भर दुपारी, आतल्या खोलीत, दार लोटून. ती आईंना उठवून बसवायची, वॉकरवरची लुगडी काढून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "उठा, आई, गवरीला घरी यायचंय का नाय?" आई शिव्या घालायच्या. मला दाराआडून त्या शिव्या ऐकू यायच्या आणि छान झोप लागायची.

गौरीच्या आधी आई नात्याला गेल्या. वॉकर धरून ओटीपासून अंगणातल्या खळ्यापर्यंत चालायच्या. त्यापुढं कधी चालल्या नाहीत. सुरेखानं आपल्या वाटणीची बाटली मांडीवर धरून नेली. तिनं ती वेल मागीलदारच्या फणसाच्या बुंध्याशी मातीत लावली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या वेलीनं काय करावं? हिरवी निघाली. पट्टा नाही, शिंतोडा नाही. फणसावर सरसर चढत गेली आणि पानं सुपाएवढी झाली. सुरेखाला फार वाईट वाटलं होतं. आई मात्र खुर्चीत बसून त्या पानांकडे बघायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "ही मूळची पांढरी. आता खाया लागली."

माझ्याकडची वेल पट्ट्यांचीच राहिली. तिला सांभाळावं लागतं. फार हिरवी झाली तर हिरवी फांदी कापायची, फार पांढरी झाली तर पांढरी. उजेड जपायचा, पाणी बदलायचं. एक फांदी जमीलाभाभींना दिली. त्यांनी ती विकली नाही, खुर्चीमागे टांगून ठेवली आहे.

गेल्या माघात आई गेल्या. दुपारच्या जेवणानंतर, खळ्यात, उन्हात बसलेल्या असताना. सुरेखा भांडी घासत होती. हाक मारली तर ओ दिली नाही, म्हणून उठून पाहायला गेली.

हा त्यांच्याशिवायचा पहिला पावसाळा.

परवा सुरेखा आली. पिशवी नाही, भाजी नाही, हातात नुसती छत्री. इतक्या वर्षांत ती काही काम काढल्याशिवाय कधी महाडला आली नव्हती.

"काय गं, काय काम काढलंस?"

"काय नाय. सहज आले."

सहज हा शब्द तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. खिडकीशी गेली, पानं उलटून पाहिली. "तुमचं आजून पट्ट्याचंच हाय."

"तुला देऊ का परत एक फांदी? या वेळी कुंडीत लाव."

"नको, ताई. हिरवंच बरं. बघावं लागत नाय." पलंगाच्या कडेला बसली. लावणी झाली म्हणाली. खालचं शेत यंदा न लावता तसंच ठेवलं म्हणाली. मग खिडकीकडे बघत, "घरात कोन हाक मारत नाय ना आता. काम संपलं तरी मला कळत नाय. करतच ऱ्हाते."

"आडवी हो जरा," मी म्हटलं. "मी डाळभात टाकते, जेवून जा."

"नको, दिवसा झोपायची सवय नाय मला," असं म्हणत ती कलंडली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली. एक हात पलंगाबाहेर, तोंड थोडं उघडं. मी तिच्या पायांवर चादर घातली.

स्वयंपाकघरात येऊन डाळ धुतली, कुकरमध्ये घातली, झाकण लावायला घेतलं आणि थांबले. शिट्टीनं ती उठली असती. डाळ पुन्हा काढली आणि उघड्या टोपात, मंद आचेवर ठेवली. अशी डाळ मी कित्येक वर्षांत शिजवली नव्हती. खूप वेळ लागतो. फेस वर येतो, तो काढत राहावा लागतो. पाणी आटतं, ते घालत राहावं लागतं. माझेही पाय दुखत होते. पण मी स्टूल ओढलं नाही, त्याचा आवाज झाला असता. बाहेर अंधारून आलं. बाहेरच्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि जड. मी डावानं एक दाणा काढून बोटांत दाबून पाहिला. अजून कच्चा होता. मी आच आणखी थोडी कमी केली.